नीरेकाठची ज्वारी : खत, कर्ज आणि कागद



बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत रासायनिक खताशिवाय धान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या अडचणींवर मी बोलावे असे चालकांनी सुचवले, तेव्हा मी त्यांना स्पष्टच म्हणालो की मी शेतकीचा पदवीधर नाही. इतकेच काय, नववीपुढे शाळेचे तोंडही पाहिलेले नाही. तरुणपणाची अकरा वर्षे बाजारात पोती वाहिली आणि नंतरची वर्षे हमाल व साखर कामगारांच्या संघटनेत गेली. जे वाचले ते रात्री, युनियनच्या कचेरीत बसून. त्यावर चालक हसून म्हणाले, "पोती वाहिलीत ना? मग पोत्यापासूनच सुरुवात करा." तशी ती करतो.

सन १९९८ ची गोष्ट. ज्वारीचा हंगाम होता. इंदापूर तालुक्याच्या जिरायती भागातले एक वयस्क शेतकरी मालदांडीची अठरा पोती घेऊन आमच्या बाजारात आले. अडत्याला ते म्हणाले, "शेठ, ह्या ज्वारीला खताचं मीठ लागलेलं न्हाई. दोन सालं मेंढरं बसवली हायती रानात." अडत्याने मूठभर दाणे हातावर घेतले, एक दाताखाली फोडला, मान डोलावली आणि मागच्या गाडीला जो भाव निघाला होता तोच पुकारला. 'सेंद्रिय' हा शब्दच तेव्हा बाजाराला ठाऊक नव्हता. पोती मीच उसवली आणि मीच ढिगावर रिकामी केली. त्या ढिगात त्याच सकाळी दुसऱ्या कोणाची संकरित ज्वारी पडलेली होती. म्हातारा ढिगाकडे बघत उभा राहिला आणि मला म्हणाला, "आता ह्यातलं माझं कुठलं, रं?"

मला उत्तर देता आले नाही. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि त्याच्या पाठीमागे लागून मी या मुलखाचा जो इतिहास वाचला, तोच आज आपणापुढे मांडणार आहे.

बारामती-इंदापूरचा मुलूख पर्जन्यछायेतला. सह्याद्रीवर ढग रिते होतात आणि इकडे येतो तो वारा. परतीचा पाऊस भाद्रपद-आश्विनात पडला तर पडला. म्हणून इथले खरे पीक रब्बीचे. हलक्या माळावर खरिपाची बाजरी आणि काळ्या रानात शाळू. शाळूत करडईचे पाटे टाकायचे, म्हणजे काटेरी करडईमुळे जनावर आत शिरत नाही आणि घरच्या तेलाचीही सोय होते. खत म्हणजे उकिरड्यावरचे, आणि त्याहून मोलाचे धनगराच्या मेंढ्यांचे. पावसाळ्यात माळावर आणि उन्हाळ्यात मोकळ्या रानात शेकडो मेंढ्यांचा वाडा रात्रभर बसवायचा. लेंडी आणि मूत जागच्या जागी मुरते, आणि त्या बदल्यात धनगराला धान्य द्यायचे. शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यातला हा करार कोणी कागदावर लिहिला नव्हता, पण त्यावर पिढ्यान्‌पिढ्या रान पिकले. आषाढी वारीत तुकोबांची पालखी काटेवाडीला येते तेव्हा तिच्याभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. शहरातल्या मंडळींना तो एक गमतीचा देखावा वाटतो. मला तर त्यात या मुलखाचा खतकारखानाच पालखीला प्रदक्षिणा घालताना दिसतो.

मात्र एक गैरसमज इथेच दूर करतो. पूर्वी सगळेच धान्य सेंद्रिय होते, म्हणून शेतकरी सुखी होता, असे अलीकडे व्यासपीठावरून ऐकू येते. ते खरे नाही. धान्य शुद्ध होते. शेतकरी कर्जात होता.

पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने पुणे जिल्ह्याची पहिली मोजणी केली ती प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडून, १८२७ ते १८३० या काळात. विलायतेत शिकलेल्या अर्थशास्त्राच्या सिद्धांताप्रमाणे त्याने प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढले आणि त्याचे शेकडा ५५ सरकारचे, असे ठरवले. कागदावर हिशेब बिनतोड होता. पण त्याच सुमारास धान्याचे भाव कोसळले होते आणि पाऊस काही सिद्धांत वाचून पडत नाही. इंदापूर तालुक्यात रयत जमिनी टाकून निघून गेली. तेव्हा १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांना इंदापुरास पाठवण्यात आले. त्यांनी तंबू ठोकून शेताशेतांत हिंडून जमिनीची खोली आणि रंग पाहिला, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत तिची प्रतवारी लावली आणि तीस वर्षांचा सारा बांधून दिला. पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात जी रयतवारी पैमाश झाली, तिची पहिली पाटी इंदापूरच्या मातीत गिरवली गेली. आजही सातबाऱ्यावर आकार रुपये-पैशांत लिहिलेला दिसतो. तो त्या तंबूचा वारस आहे.

तीस वर्षे संपली आणि १८६७ साली फेरपैमाश पुन्हा इंदापुरातच सुरू झाली. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस महागला होता, आगगाडी आली होती, भाव चढले होते. सरकारला वाटले हे भाव असेच राहणार. सारा भरमसाट वाढला, आणि भाव उतरले. सारा रोखीने भरायचा, तोही ठरल्या मुदतीला. सुगीत धान्य सगळ्यांचेच बाजारात येते, म्हणून स्वस्त असते. तेव्हाच ते विकावे लागे. आषाढात पेरणीला आणि पोटाला तेच धान्य दामदुपटीने सावकाराकडून घ्यावे लागे. खळ्यावरच्या राशीवर शेतकऱ्याचा हक्क राशीला चाळण लागेपर्यंतच.

ता. १२ मे १८७५ रोजी सुप्याला आठवड्याच्या बाजारादिवशी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. लोकांना हवे होते ते दस्तऐवज: कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे. ते बाहेर काढून जाळले. दंगल आजूबाजूच्या गावांत आणि नगर जिल्ह्यातही पसरली. चौकशी समिती बसली. १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो त्याच १८७५ साली. एकीकडे सुशिक्षित मंडळी वसंतात विचार ऐकण्यासाठी जमली, आणि चाळीसेक मैलांवर शेतकरी कागद जाळण्यासाठी जमले. या दोन सभांची एकमेकींशी ओळख व्हायला फार वेळ लागला. आज मला इथे बोलावले त्याचा मी तसाच अर्थ घेतो.

कागद ही शेतकऱ्याची पहिल्यापासूनची भीती आहे. हे ध्यानात ठेवा; पुढे ते लागणार आहे.

लगेच पुढच्या वर्षी मोठा दुष्काळ पडला. १८७६ साली दुष्काळी काम म्हणून नीरेच्या कालव्याची खोदाई सुरू झाली आणि १८८५ साली डाव्या कालव्यात पाणी सोडले गेले. पाठोपाठ भाटघरचे धरण उभे राहिले. १९२७ साली त्याच्या खाली नवे लॉइड धरण बांधून झाले. या कालव्याने बारामतीला माणसांत आणले, यात शंका नाही. सरकारचा मूळ उद्देश दुष्काळात धान्य वाचवण्याचा होता. पण जिरायती रानातल्या शेतकऱ्याची रीत अशी, की पाऊस बरा झाला तर तो ज्वारीला पाणी घेत नाही, कशाला पैसे भरा? आणि पाऊस नाही झाला तर सगळेच एकदम पाणी मागतात. अशा गिऱ्हाइकावर कालव्याचा खर्च निघेना. बारमाही पाणी घेणारे आणि पट्टी भरणारे पीक एकच होते: ऊस.

विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या या कालव्यांवर खास कामगिरीवर होते. सगळीकडे विखरून पाणी देण्यापेक्षा गावोगाव ठराविक पट्टे करावेत, त्या पट्ट्यातल्या एकतृतीयांश जमिनीत ऊस आणि बाकीच्यात इतर पिके आलटून पालटून घ्यावीत, अशी 'ब्लॉक' पद्धत त्यांनी घालून दिली. शेतकरी आरंभी तिच्याकडे संशयाने पाहत होते. मला ती योजना फार शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात दोनतृतीयांश जमीन धान्याला आणि डाळीला राखलेली होती. आज त्या पट्ट्यातून गाडीने जा. तो दोनतृतीयांश हिस्सा कुठे गेला ते नीट शोधा.

पाण्याबरोबर दुसरे एक संकट आले. काळ्या खोल जमिनीला निचरा नसतो. वरून पाणी देत गेले की खालचे पाणी वर येते आणि येताना क्षार घेऊन येते. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. कालवा वाहू लागून जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती! ज्या जमिनीला विंगेटने वरच्या आण्यांची प्रत दिली असती, तीच आधी मीठफुटीने पांढरी पडली. चोपण जमीन चर खोदून सुधारता येते, पण चर एकट्याच्या शेतात खोदून भागत नाही, खालच्या शेतकऱ्यानेही तो पुढे न्यावा लागतो. आमच्या युनियनच्या भाषेत सांगायचे तर हा एकजुटीचा प्रश्न आहे. आणि एकजूट जमिनीच्या बांधावर जितकी कठीण तितकी कारखान्याच्या फाटकावरही नाही.

परंतु या दोहोंपेक्षा माझ्या विषयाशी अधिक निगडित गोष्ट निराळीच आहे, आणि तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. उसाने फक्त पाणी खाल्ले नाही. उसाने शेणही खाल्ले. ऊस हे खादाड पीक. त्याला गाड्यांवर गाड्या शेणखत लागे, पेंड लागे. गावात जनावरे तितकीच. मग जो खताला रोख दाम देईल तिकडे खत गेले. मेंढ्यांचा वाडाही उसाच्या मोकळ्या रानात बसू लागला. माळावरच्या बाजरीच्या वाट्याचे खत पाटाखाली उतरले आणि परत वर चढले नाही. जिरायती जमीन उपाशी राहू लागली ती इथपासून. रासायनिक खत येण्याच्या पुष्कळ आधी. शिवाय ऊस कडबा देत नाही. वाढे जनावराला चालतात, पण ज्वारीच्या कडब्याची सर त्यांना नाही. ज्वारीचे क्षेत्र घटले की कडबा घटतो, कडबा घटला की जनावर दावणीवरून जाते, जनावर गेले की शेण जाते, आणि शेण गेले की ज्वारी खालावते. ही साखळी एकदा उलटी फिरू लागली म्हणजे तिला थांबवायला नुसता उपदेश पुरत नाही.

पुढचा भाग आपणांस परिचित आहे, म्हणून भराभर जातो. १९३२ साली साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले आणि इंदापूर तालुक्यात कळंबजवळच्या माळावर वालचंद हिराचंद यांच्या कारखान्याचे वालचंदनगर वसले. त्याच वर्षी नीरेच्या पलीकडे पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. १९५१ साली सिंद्रीच्या कारखान्यातून अमोनियम सल्फेट बाहेर पडू लागले. पन्नास-साठच्या दशकांत माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. त्या कारखान्यांच्या कामगारांत मी वावरलो आहे, त्यांनी शेतकऱ्याच्या मुलाला शाळा दिली हे मी कधी नाकारणार नाही. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि इंदापूरची भीमाकाठची उत्तम काळी जमीन पाण्याखाली गेली. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ अजून वर डोकावते. तीच जमीन शाळूची होती.

इथे थोडे विषयांतर करतो. ज्याला आज जगभर सेंद्रिय शेतीचा आद्य पुरुष म्हणतात तो अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला होता. काडीकचरा, शेण, मूत आणि माती यांचे थर रचून खत करण्याची त्याची पद्धत 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. १९३१ साली त्या विषयावर जे पुस्तक निघाले त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत: हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्डला सर्व जग ओळखते. वाडांना आपण मराठी माणसेही ओळखत नाही! आणि इंदूर म्हणजे कोणाचे? नीरेकाठच्या होळ गावाहून निघालेल्या होळकरांचे, जे जातीने धनगर. तेव्हा सेंद्रिय शेती ही परदेशातून आलेली टूम आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला नीरेचा पत्ता द्यावा.

असो. साठच्या दशकात संकरित बियाणे आले. १९६४ साली ज्वारीचे पहिले संकरित वाण, पुढच्याच वर्षी बाजरीचे. बाजरीवर सत्तरच्या सुमारास गोसावी रोगाने असा घाला घातला की कणसाच्या जागी पालाच आला. पण आमच्या मुलखातली रब्बी ज्वारी या लाटेत वाहून गेली नाही, ही मोठी नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. संकरित ज्वारी खरिपाची. थंडीत, जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर, पांढरी टपोरी भाकरीची ज्वारी आणि पुरुषभर उंचीचा कडबा द्यायचा, हे काम मोहोळच्या केंद्रात देशी वाणातून निवडलेल्या मालदांडीनेच केले, आणि आजही तीच किंवा तिच्या वळणाची वाणे करतात. बियाणे घरचे ठेवता येते. पाणी नाही म्हणून खतही फारसे कोणी टाकत नाही. ओल नसताना युरिया टाकला तर पीक करपते. म्हणजे पाटाच्या वर जो जिरायती पट्टा उरला, सुपे, मोरगाव, लोणी भापकर या बाजूचा आणि इंदापूरच्या माळांचा, तिथला गरीब शेतकरी कोणत्याही चळवळीत न जाता, केवळ गरिबीमुळे, बऱ्याच अंशी सेंद्रियच राहिला.

आणि त्याच्या धान्याचे गिऱ्हाईक मात्र रेशनच्या दुकानाने नेले. मी बहात्तरच्या दुष्काळातला जन्म. आई मला पाटीत निजवून पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची. मजुरीबरोबर मिळायची ती सुकडी आणि दुकानात मिळायचा तो तांबडा मिलो. त्या अन्नावर माझा पिंड वाढला, म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही. पण त्यानंतर दुकानात कायम झाले ते गहू आणि तांदूळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने भरडधान्य रुपया किलो, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये असे दर ठरवले. २०२३ पासून ते धान्य फुकट मिळते. भुकेलेल्याला अन्न मिळते आहे, फार उत्तम. परंतु ज्वारीच्या मुलखातल्या मजुराच्या घरी चपाती आणि भात शिजतो आणि ज्वारीची भाकरी शहरातल्या हॉटेलात पाहुणचार म्हणून मिळते, ही उलटापालट माझ्या डोळ्यांदेखत झाली. सरकारी हमीभावाकडे पाहा. २०२४-२५ साठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,३७१ रुपये आणि मालदांडीला ३,४२१. म्हणजे त्या चवीची, त्या कडब्याची, त्या उन्हातान्हात राखलेल्या देशी वाणाची किंमत सरकारदरबारी ५० रुपये जास्त. आणि खताविना पिकवलेल्या ज्वारीला वेगळा आकडाच नाही. १९९८ चा माझा अडत्या निदान दाणा फोडून तरी पाहत होता.

आता आजच्या अडचणींकडे येतो. शहरात सेंद्रिय धान्याला गिऱ्हाईक आहे, दाम आहे, हे खरे. मग शेतकरी मागे का? २००० साली केंद्र सरकारने सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. त्याप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेने तपासणी करून दाखला द्यायचा. हंगामी पिकाला आधी दोन वर्षे रूपांतराचा काळ. या दोन वर्षांत खत-औषध बंद, उत्पन्न बहुधा कमी, आणि धान्य मात्र साध्या भावानेच विकायचे. हा दोन वर्षांचा तोटा कोणी सोसायचा? कारखान्यात नवे यंत्र बसवताना मजुराला शिकण्याच्या काळाचा पगार मिळावा म्हणून आम्ही भांडतो. शेतकऱ्याच्या बाजूने हे भांडण कोणी केलेले नाही. २०१५ पासून परंपरागत कृषी विकास योजनेत पन्नास शेतकऱ्यांचा पन्नास एकरांचा गट करून तीन वर्षे अनुदान मिळू लागले आणि एकमेकांनी एकमेकांची हमी घ्यायची अशी स्वस्त पद्धतही आहे. गट होतात, अनुदान संपले की किती टिकतात, हे ज्या त्या गावाने आपल्या मनाशी विचारावे.

दाखल्यासाठी दैनंदिनी लिहावी लागते. कोणत्या दिवशी काय पेरले, बी कुठले, खत किती गाड्या, कोणाच्या गोठ्यातले. नकाशा लागतो, शेजाऱ्याच्या बांधापासून राखलेले अंतर दाखवावे लागते. ज्या सुप्यात कागद जाळले, त्याच सुप्याच्या शेतकऱ्याला आता कागद राखून आपला खरेपणा सिद्ध करायचा आहे. ज्याने खत टाकले त्याला काही सिद्ध करावे लागत नाही. ज्याने टाकले नाही त्याने पुरावा द्यायचा. कायद्याची थोडीफार माहिती असलेला माणूस म्हणून मला हे नेहमी चमत्कारिक वाटते. आणि दाखल्याशिवाय चालणारही नाही, हेही मी जाणतो, कारण बाजारात खोटे बोलणारे आहेत. आमच्याच बाजारात मी 'सेंद्रिय' असे छापलेल्या पिशव्यांत त्याच जुन्या ढिगातले धान्य भरले जाताना पाहिले आहे.

बारीकसारीक अडचणी तर विचारू नका. गावातल्या बहुतेक घरांत धान्य भरायला युरियाच्या रिकाम्या गोण्या धुऊन वापरतात. तपासणीस येतो आणि पहिले बोट त्या गोणीवर ठेवतो. मळणीयंत्र भाड्याचे. ते शेजाऱ्याच्या खळ्यावरून येते, त्याच्या पोटात शेजाऱ्याचे दाणे असतात. यंत्र आधी साफ करा म्हटले तर मालक म्हणतो, तेवढ्या वेळात मी दुसऱ्याचे खळे उरकीन. शेजारी ऊस असला आणि त्याने टू-फोर-डी फवारले, तर ज्वारीला काही होत नाही, पण ज्वारीतली करडई आणि बांधावरची तूर पिळवटून जाते. साठवणीत किडा लागू नये म्हणून बाजार गोळ्या टाकतो. इथे कडुनिंबाचा पाला आणि राख. पूर्वी पेवात ज्वारी वर्षानुवर्षे राहायची. पाटाखाली ओल वर आली तिथे पेव कुठले? आणि खताचा प्रश्न तर जसाच्या तसा उभा आहे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण उरलेली किंमत सरकार भरते. शेणखताच्या ट्रॉलीला हजारांत मोजावे लागतात आणि ते सगळे ज्याचे त्याने. उसाला १९६६ चा नियंत्रण आदेश आहे, किमान दर आहे, चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. तो नेहमी पाळला जातो असे नव्हे, पण भांडायला कलम तरी आहे. ज्वारीवाल्याकडे भांडायला कलमही नाही.

आणि मजूर. या मुद्द्यावर माझी स्थिती अडचणीची आहे, ती लपवत नाही. शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटतात. भेगाळलेल्या काळ्या रानातून ताट उपसताना हाताची साल निघते. हे काम बहुतेक बायका करतात, उक्ते घेऊन. त्यांचा दर वाढला पाहिजे असे मी आयुष्यभर बोलत आलो. जिरायतात एकरी चार-पाच क्विंटल ज्वारी झाली, तर दर वाढला की शेतकऱ्याच्या हातात कडब्याखेरीज काही राहत नाही. म्हणून तो ज्वारी सोडतो आणि जिथे पाणी लागेल तिथे ऊस लावतो, ज्याला तोडणीला परजिल्ह्यातून टोळी येते आणि तिची कटकट कारखाना बघतो. सेंद्रिय धान्याचा जो चढा दर शहरात घेतला जातो, त्यातला उपटणारणीच्या हातावर किती पडतो, हे कोणत्याही दाखल्यावर लिहिलेले मी पाहिले नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या संघटनेत आम्ही ठरवले, की हमालांनी आपले वर्षाचे धान्य थेट शेतकऱ्याकडून घ्यायचे. त्या १९९८ च्या म्हाताऱ्यांचे गाव मी शोधून काढले. ते वारले होते. जमीन त्यांची सून पाहते. पाच एकरांपैकी दोन एकरांत मालदांडी, खताशिवाय. उरलेल्यात विहिरीवर ऊस, "घर चालवायला," ती म्हणाली. धनगराचा वाडा अजून येतो, पण आता धान्य नको, रोख पाहिजे म्हणतो. मी तिला तो ढिगाऱ्याचा प्रसंग सांगितला. ती म्हणाली, "मामंजी सांगायचे. त्या दिवशी घरी येऊन जेवले नव्हते."

बाजारापेक्षा क्विंटलमागे आठशे रुपये जास्त द्यायचे, आणि त्यातले दोनशे काढणीच्या बायकांच्या उक्त्यावर चढवायचे, असे आम्ही तिच्याशी आणि आणखी सहा घरांशी ठरवले. पहिल्या वर्षी साठ कुटुंबांनी नावे दिली. दुसऱ्या वर्षी चौतीस. यंदा बावीस. मी सभासदांना विचारले तर एक जण म्हणाला, "भाऊ, रेशनचं फुकट येतंय. तुमचं धान्य चांगलं हाय, पर पोरीची फी भरायची हाय." त्याच्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही; त्याची मजुरी ठरवणाऱ्या करारावर सही माझी आहे.

यंदाची पोती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आली. नवी कोरी, तागाची. प्रत्येक पोत्यावर तिने काळ्या रंगाने सासऱ्याचे नाव आणि शेताचा गट नंबर लिहिलेला आहे. उतरवून घ्यायला मी स्वतः गेलो होतो. पाठ आता पहिल्यासारखी राहिली नाही. त्यातली चार पोती अद्याप युनियनच्या कचेरीत, कपाटाशेजारी उभी आहेत.